वाढत्या मापाचा डायव्हिंग सूट

उदगीरच्या कापडबाजारात संगमेश्वर अप्पांना माप शिकवायला कुणी जात नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याला किती कापड लागणार हे अप्पांच्या मनात पक्कं झालेलं असतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या मनातल्यापेक्षा नेहमीच थोडं जास्त असतं. "धुतल्यावर आटतं," हे त्याचं कारण. शाळेचा गणवेश असो की लग्नाचा सफारी, अप्पांच्या मते कपडा आजच्या अंगाला घ्यायचाच नसतो. पोरगं वाढतं, पुरुषाचं पोट सुटतं, बाईचं लग्नानंतर अंग भरतं. निम्म्या उदगीरनं बाह्या दुमडून शाळा काढली, त्यात अप्पांच्या दुकानाचा वाटा मोठा आहे.

घरातही नियम तोच. मुलगी सृष्टी दहावीपर्यंत मापाच्या कपड्यात कुणाला दिसली नाही. पुढच्या शिक्षणाला नांदेडला गेल्यावर ती कपडे तिथंच घेऊ लागली. अप्पांनी याला नांदेडची हवा म्हटलं.

नांदेडला तिनं भूशास्त्रात एमएस्सी केलं. त्यातलं अप्पांना एवढंच कळलं की पोरगी तळ्याच्या तळाचा गाळ तपासते. गाळ तर आपल्या विहिरीतही आहे, असं ते पाहुण्यांना सांगत. मग एका सुट्टीत ती मालवणला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायला शिकली, आणि वर्षभरात हिमालयातल्या सरोवरांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचं बोलावणं आलं. जागा एकच. परीक्षा ऑक्टोबरात, हिमाचलमधल्या एका तळ्यावर. ठरलेला वेळ पाण्याखाली राहायचं आणि गाळाचे नमुने काढायचे. थंडी सोसेना म्हणून मध्येच जो वर येईल तो बाद. टाकी, नळ्या, चष्मा संस्था देणार. अंगावरचा पोशाख ज्याचा त्यानं आणायचा.

"न्हाई जमलं तर?" अप्पांनी विचारलं.

"परत येते."

"परत आलीस की बिदरचं स्थळ बघायचं. मी शब्द देऊन बसलोय."

सृष्टीनं होकाराची मान हलवली. बिदरच्या मुलाचं खताचं दुकान होतं. लग्नानंतर मुलीनं पाण्यात उतरायची गरज नाही, घरात बोअर आहे, असं त्याच्या आईनं आधीच कळवलं होतं.

पोशाखाची चौकशी सृष्टीनं त्याच संस्थेत काम करणाऱ्या ऋतुजाकडे केली. ऋतुजा मूळची लातूरची, सृष्टीला नांदेडच्या कॉलेजात सीनियर. तिनं फोनवर सरळ सांगितलं. "पाणी फ्रिजमधल्या बाटलीसारखं असतं. दोन रस्ते आहेत. एक ड्रायसूट. त्यात पाणी शिरतच नाही, आतून लोकरीचे कपडे घालता येतात. पण किंमत ऐकून अप्पा दुकानाचं शटर ओढतील, आणि तो वापरायला वेगळं शिकावं लागतं. तो तुझ्या कामाचा नाही. दुसरा वेटसूट. त्यात थोडं पाणी शिरतंच. फुगीर रबराचा, सात मिलिमीटर जाडीचा घे. वर टोपी, हातमोजे, बूट. यात कंजुषी करू नको, थंडी आधी डोक्याला आणि बोटांनाच धरते. पैसे कमी असतील तर कंपनीच्या नावावर घालू नको, मापावर घाल. कातडीसारखा बसला पाहिजे. घालतानाच दमलीस की समज माप बरोबर आहे."

अप्पा शेजारीच बसून ऐकत होते. "कापडाचं मी बघतो," ते म्हणाले.

"अप्पा, ते कापड न्हाई."

"अंगावर घालतेस न्हवं? मग कापडच."

दिवाळीच्या खरेदीला मुंबईला गेले तेव्हा अप्पांनी हेही काम उरकलं. परदेशातून आलेल्या मालाचे लॉट फोडून विकणारा एक व्यापारी त्यांनी हुडकून काढला. सूट त्यांनी आयुष्यभर कापड जोखलं तसाच जोखला. चिमटीत धरला, चुरगाळला, वास घेतला, शिवणीला नख लावून पाहिलं. शेवटी, दोऱ्याची जात ओळखायला करतात तशी, आतली एक चिंधी कापून काडी लावली. टायर जळाल्याचा वास सुटला. व्यापाऱ्यानं काडी हिसकावून घेतली, पण अप्पांचं समाधान झालं. जाडी सात मिलिमीटर होती, शिवण पक्की होती, चेन मजबूत होती. एवढ्या तीन गोष्टी त्यांनी अचूक पाहिल्या. मग सृष्टीच्या मापापेक्षा दोन नंबर मोठा सूट घेतला, भाव पाडला, आणि वर दोन पिशव्या मागून घेतल्या.

घरी सूट पलंगावर पसरला तेव्हा सृष्टीची आई रत्नम्मा यांना पहिल्यांदा वाटलं की कुणी पाहुणा झोपलाय.

"अप्पा, हे कुणाला बसंल?" सृष्टी म्हणाली.

"तुलाच. आज ना उद्या लग्न हुईल, अंग भरंल. बाळंतपणानंतरबी वापरता येईल. आन् धुतल्यावर आटतंय."

"रबर आटत न्हाई."

"मंग आतून स्वेटर घाल."

हे सगळं अप्पा पूर्ण गांभीर्यानं बोलत होते. थंड पाण्याशी झुंजायला मुलीला पाठवताना त्यांनी तिच्या बाळंतपणाची तजवीज केली होती. हातमोजे मात्र आणले नव्हते. पाण्यात मोजे कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

वाद मिटेना, तेव्हा अप्पांनीच तोड काढली. सूट इथंच पारखून घ्यायचा. शेतातल्या विहिरीजवळ ठिबकचं पाणी साठवायचा सिमेंटचा हौद होता. मंगल कार्यालयांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातून लाद्या मागवल्या. समोरच्या दुकानात पाइप, वॉशर आणि रबरी नळ्या विकणारा दयानंद बोलावणं नसताना आला. रबराचा विषय असल्यामुळे आपलं मत लागेल असं त्याला वाटत होतं.

लाद्या विरघळू लागल्यावर सृष्टी सूट घालून हौदात उतरली. उतरताच पाणी गळ्यापाशी आत शिरलं, पाठीवरून खाली गेलं, मांड्यांपाशी साठलं. ती हलली की आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं गार पाणी आत. थोड्याच वेळात तिचे ओठ निळे पडले आणि दात वाजू लागले. रत्नम्मांनी हात धरून तिला वर ओढलं. तेव्हा सूटच्या पायातून पाण्याची धार लागली ती बराच वेळ थांबेना.

"अप्पा, मोटार लावायची गरज न्हाई बगा," दयानंद म्हणाला. "पोरीला दोनदा बुडवून काढलं की वाफा भिजतोय."

अप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "तुझी ती ऋतुजाच म्हणली न्हवं, या सूटात पाणी शिरतंयच म्हणून?"

"हाव. पातळ थर शिरतो, अंगाच्या उबेनं तापतो, आन् तिथंच राहतो. म्हणून ऊब राहते."

"मंग जास्त शिरलं तर जास्त ऊब."

"अप्पा, ते राहायला पाहिजे! हे नुसतं येऊन-जाऊन राहिलंय!"

"तुला सवय न्हाई थंडीची. नांदेडला पंख्याखाली बसून नाजूक झालीस. आण तो इकडं."

आणि अप्पांनी सूट स्वतः घातला. अप्पा उंचीनं बेताचे, पोटानं भरलेले. दयानंद आणि गडी मिळून चेन ओढू लागले. अप्पा श्वास धरून लाल झाले, आणि सूट त्यांच्या अंगावर कारल्याच्या सालीसारखा घट्ट बसला. ते हौदात उतरले. पाणी गळ्यापर्यंत आलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. अप्पांनी आधी डोळे मिटले, मग उघडले.

"कुटं हाय थंडी?"

बर्फाची लादी त्यांच्या खांद्याला लागून तरंगत होती. ती त्यांनी कोपरानं बाजूला सारली, रत्नम्मांना चहा आणायला सांगितला आणि हौदात बसूनच प्याले. दयानंदला पाण्यातूनच दोन भाव विचारले. बाहेर आले तेव्हा अंगाची वाफ निघत होती आणि चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं तेज होतं.

"तुम्हाला तो मापात बसला, अप्पा," सृष्टी म्हणाली. "म्हणूनच."

"म्हंजी सूट चांगला हाय, हे तू मान्य केलंस."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. घट्ट बसलेला सूट काय करतो याचा याहून चोख पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला नसता. पण तो पुरावा देणारा माणूसच त्यातून उलटा निष्कर्ष घेऊन बाहेर आला होता.

ऋतुजाकडे तिचा स्वतःचा जुना सूट होता. तिला संस्थेनं नवा दिला होता, जुना लातूरला आईकडे पडून होता. सृष्टीच्याच बांध्याचा. टोपी, हातमोजे, बूट सगळं सोबत. मागत होती ती किंमत अप्पांनी मुंबईत पाडलेल्या भावाहूनही कमी होती. जुना घेताना काय पाहायचं हेही तिनंच सांगितलं: गुडघ्यावर आणि कोपरावर अंगठा दाब. रबर परत फुगलं तर ठीक, चपटंच राहिलं तर माझ्याकडूनही घेऊ नको.

अप्पांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. "उतरलेला कपडा? या घरात दुसऱ्याच्या अंगावरचं कापड आजवर आलं न्हाई. कापडवाल्याची पोरगी लोकांचं उतरलेलं घालून हिंडती, हे बाजारात कळलं तर तोंड दाखवू का मी?"

"अप्पा, तिथं तळ्यात कोण बगणार हाय?"

"मला म्हाईत हाय न्हवं!"

रत्नम्मा पोळी लाटता लाटता बोलल्या. "आन् लग्नवाले साड्या नेतात, नेसून फोटो काढतात, परत आणून टाकतात, त्या घडी घालून वरच्या थप्पीत ठेवता, त्या काय असतात म्हणे?"

"त्या परत आलेल्या असतात."

"अंगावरून."

"ते धंद्याचं हाय. तुला कळणार न्हाई."

रत्नम्मांनी मान डोलावली. नवऱ्यानं असं म्हटलं की त्या पुढं वाद घालत नाहीत, पुढचं काम करतात. त्यांची बहीण लातूरला राहते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला फोन लावला. बहिणीनं ऋतुजाच्या आईकडून सूट आणला, गुडघे-कोपर दाबून पाहिले, रिठ्याच्या पाण्यात धुतला आणि सावलीत वाळवला. आटला नाही.

निघायच्या दिवशी अप्पांनी त्यांचा सूट स्वतःच्या हातांनी घडी घालून बॅगेत ठेवला, वर एक स्वेटर ठेवला. सृष्टी उदगीरहून एसटीनं लातूरला मावशीकडे उतरली. तिथं बॅग उघडली, एक सूट काढला, दुसरा भरला. स्वेटर राहू दिला. डोंगरात रात्री लागणार होता.

परीक्षेचा निकाल कळायचा होता त्या दिवशी दुकानात दिवाळीची गर्दी होती. अप्पांनी फोन गल्ल्यावर उघडा ठेवला होता. मुलगी कुठं गेली आहे हे एव्हाना आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. तिचा पोशाख कुणी निवडला हेही ठाऊक होतं, कारण अप्पा दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगत. दयानंद स्वतःचं दुकान सोडून इथंच बसला होता.

फोन वाजला. अप्पांनी घाईत कुठलं तरी बटण दाबलं आणि सृष्टीचा आवाज सगळ्या दुकानात घुमला.

"अप्पा, झाली निवड!"

अप्पा उठून उभे राहिले. बायका साड्या सोडून वळल्या. गड्यानं न सांगताच पेढ्यांचा बॉक्स फोडला. "ऐकलं का?" अप्पा सगळ्यांना म्हणाले. मग फोनमध्ये, "मधी वर आली न्हाईस न्हवं?"

"न्हाई. पुरा वेळ. निम्मे तर आधीच बाहेर आले. एका पोराचा ड्रायसूट होता, लई भारी. पण शिकलाच नव्हता. हवा सगळी पायात गेली, पाय वर आन् डोकं खाली. ओढून काढला त्याला."

दुकान हसलं. अप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले. दयानंदनं गल्ल्यावर वाकून विचारलं, "आन् पोरी, आपल्या अप्पांचा सूट? टिकला का?"

फोनचा आवाज बाहेर पडतोय, हे सृष्टीला ठाऊक नव्हतं. फोन आता दयानंदच्या हातात गेलाय असंच तिला वाटलं. आवाजात आनंद तसाच होता. "कोण, दयानंदकाका का? तो मावशीच्या कपाटात हाय हो. मी ऋतुजाताईचा जुनाच घातला. त्यो घातला असता तर मी सगळ्यांच्या आधी बाहेर आले असते, आन् आता बिदरला चहाचा ट्रे धरून उभी असते. अप्पांना सांगू नका हां, मी घरी आल्यावर सांगते."

पेढा तोंडाशी नेलेल्या एका बाईनं तो तसाच धरून ठेवला. दयानंद, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं, तो छताच्या पंख्याकडे पाहू लागला.

अप्पांनी फोन उचलला, उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

"काका? ... अप्पा? ऐकू येऊन राहिलं का?"

"हाव, येऊन राहिलं," अप्पा म्हणाले, आणि गड्याकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, "ह्याचा आवाज कुटून बंद करतेत रे?"