आधी तुजं सांग

"आधी तुजं सांग," असं म्हणून ती हातातलं काम बाजूला ठेवायची, पदराला हात पुसायची आणि माझ्यासमोर मांडी घालून बसायची. बघणाऱ्याला वाटावं, मुलाखत घ्यायला तीच आली आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहापूरला समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सरांनी आम्हाला प्रकल्प दिला होता. डोळखांबकडच्या एका पाड्यावर जायचं आणि चाळीस घरांच्या प्रश्नावल्या भरून आणायच्या. संशोधकाने तटस्थ राहावं, स्वतःविषयी बोलू नये, हे सरांनी दहादा बजावलं होतं. मी ते वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं. नेमकं पहिलंच घर तिचं निघालं.

"काकी, वय किती तुमचं?"

"आधी तुजं सांग."

"वीस."

"मंग माजं तुज्या दुपटीच्या वर धर. पुढं?"

"घरात माणसं किती?"

"तुज्या घरात किती?"

"चार."

"बारा म्हयने चारच?"

"हो."

"म्हंजे बापाला सरकारी पगार हाय."

बाबा धरणाच्या ऑफिसात कारकून होते, आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहायचो. मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने माणसांच्या आकड्यावरून बरोबर ओळखलं.

"आमच्यात तसं नाय," ती म्हणाली. "भात कापून होईस्तोवर सात माणसं. मंग पोरं, सुना, नातवंडं वीटभट्टीला गेली का आमी दोघंच. तू कंच्या म्हयन्यातलं लिवतीस?"

छापील कागदावर महिन्याला जागाच नव्हती. मी समासात पट्टीने एक रकाना आखला. शनिवारी सरांनी तो पाहिला आणि चष्मा काढून हातात धरला. मग सगळ्या वर्गाला तो रकाना आखायला लावला.

पुढे मी मुद्दाम तिच्याकडे आधी जायला लागले. इतर घरांत मी प्रश्न विचारायचे बायकांना आणि उत्तर यायचं ओटीवरच्या पुरुषांकडून. तिने ते दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात विळा दिला.

"अंगणात इचारशील तर अंगणातलंच उत्तर मिळंल. चल शेतात."

मी दिवसभर बायकांबरोबर भात कापलं. कापलं कसलं, त्यांनी कापलेल्याच्या कडेकडेने ओरबाडलं. पण त्या दिवशी जे कानांवर आलं, ते चाळीस कागदांत मावलं नसतं. सहभागी निरीक्षण नावाचा धडा आम्हाला पुढच्या महिन्यात शिकवायचा होता. माझा तो कंबर धरून आधीच झाला.

तिला आमच्या पुस्तकांचंही कुतूहल होतं. एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की समाज हा शरीरासारखा असतो, प्रत्येक अवयव आपापलं काम करतो, म्हणून सगळं नीट चालतं.

ती नाचणी पाखडत होती. सूप थांबलं. "आन पाय ठणकत असंल तर तोंड जेवायचं थांबतं का गो?"

मी तो प्रश्न वर्गात माझाच म्हणून विचारला. सर इतके खूश झाले, की म्हणाले, याच शंकेवर पुढचा अख्खा सिद्धांत उभा आहे. मी तिला हे कबूल केलं तेव्हा ती पोट धरून हसली. "तुज्या सरांना सांग, अजून पायजेत तर हायेत."

मग आला विसावा प्रश्न: घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं? उदाहरणार्थ, मुलीच्या लग्नाचा?

"आधी तुजं सांग."

बाबांनी त्याच आठवड्यात मुरबाडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. मला एम.ए. करायचं होतं. हे मी मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

"तुला इचारलं?"

"नाय," मी तिच्याच बोलीत म्हणाले.

तिने माझ्या पिशवीतून एक कोरा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. "मंग ह्यो पयला तुज्या घरी भर. मंग माजा."

संध्याकाळी बाबा चहा पीत होते. मी समोर बसले आणि सरांचं काम आहे म्हणून एकेक प्रश्न विचारत गेले. निर्णय कोण घेतं, या प्रश्नाला ते लगेच म्हणाले, "सगळे मिळून." मुलांच्या शिक्षणाचा? "सगळे मिळून." मुलीच्या लग्नाचा?

स्वयंपाकघरात आईच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

"सगळे मिळून लिहू?" मी विचारलं.

"तो रकाना मोकळा ठेव," बाबा म्हणाले.

"सर म्हणतात, मोकळा ठेवायचा नाही."

बाबा उरलेला चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुरबाडला निरोप धाडला, 'मुलीला विचारून कळवतो.' आणि खरंच येऊन विचारलं, "काय कळवू?"

मी सांगितलं ते त्यांनी तसंच कळवलं.

पाड्यावर जाऊन मी ही बातमी दिली, तेव्हा तिने मला शाबासकी वगैरे काही दिली नाही. मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हां, आता लिव माजं." त्या दिवशी तिने पहिल्यांदा मला उलट काही न विचारता सगळी उत्तरं दिली.

एम.ए. झालं, मुरबाडला शिकवायची नोकरी लागली. माझ्या वर्गातली मुलंमुली प्रश्नावल्या घेऊन गावोगाव हिंडू लागली. काही वर्षांनी पाड्यावर गेले तेव्हा दारात तिची सून होती. "सासू गेली आमची," ती म्हणाली. "दोन दिस ताप आला न गेली." बाई, तुमी बसा, म्हणून तिने मला चहा दिला. मी तो ओटीवर बसून प्यायले.

पण मला ती दिसते ती त्याआधीच्या हिवाळ्यातली, मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतली. बैलांच्या बाजारातून मी बाहेर पडत होते, तर वरून कुणी तरी माझ्या नावाने ओरडलं. मोठा पाळणा फिरत होता. वीटभट्टीवरून जत्रेपुरती आलेली सुना, नातवंडं घाबरून खाली उभी, आणि ही एकटी सगळ्यांत वरच्या पेटीत. पदर दातांत धरलेला, नवी घोंगडी मांडीवर, एक हात सोडून मला दाखवत होती, की बघ, इथून सगळी जत्रा दिसते.