संबोधनाच्या उदाहरणाची ओळ

बाई पहिल्यांदा छापखान्यात आल्या तेव्हा मशीनच्या घरघरीत त्यांचं बोलणं कुणाला नीट ऐकू जाईना. चार टेबलांवरच्या माणसांनी माना वर केल्या, पाचव्याने केली नाही. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता आणि डाव्या हाताचं बोट एका ओळीखाली ठेवून वाचत होता. दोनदा हाक मारल्यावर त्याने वर पाहिलं, "बोला" म्हणाला, बाईंचं सगळं ऐकून घेतलं, पण बोट काही ओळीवरून उचललं नाही. पस्तीस वर्षं मुलांना भाषा शिकवलेल्या बाईंना तेवढ्यावरून कळलं, की आपलं पुस्तक भल्या माणसाच्या हाती पडलंय.

तो तिथला प्रूफरीडर. सुटलेला शब्द ओळीत घालायचा असला की प्रुफावर कावळ्याच्या पावलासारखी एक बारीक खूण करतात, तिला काकपद म्हणतात. ती तो इतकी ठसठशीत काढायचा, की जुन्या लोकांनी त्याचंच नाव काकपद ठेवलं. पुढे त्याचं नुसतं 'काका' झालं. नव्या माणसांना वाटायचं, वयामुळे म्हणतात.

टायपिंगला बसणारी ऑपरेटर बोलघेवडी होती. ती त्याला विचारायची, "काका, घरी जाऊन काय करता हो?"

"वाचतो."

"काय वाचता?"

"दुधाच्या पिशवीवरचा मजकूर. परवा त्यात दोन चुका निघाल्या."

ती खो खो हसायची. तोही हसायचा, पण त्याने ते गमतीने सांगितलेलं नसायचं.

घरी दोन खोल्या होत्या आणि माणूस एक. पूर्वी दोन माणसं होती. आईवडील गेले तेव्हा तो सातवीत होता आणि ताई नुकती शाळेत भाषा शिकवायला लागली होती. तिने त्याला वाढवलं, आणि अलंकार शिकवले ते भांडी विसळता विसळता. "हा तवा काय म्हणतोय सांग बघू," ती म्हणायची.

"तवा कसा बोलेल?"

"तू त्याला बोलायला लाव. म्हण, तवा रुसलाय. झाली चेतनगुणोक्ती! आता तो कोरडा कर."

ताई बेचाळीस वर्षांची असताना एका संध्याकाळी चादरीची घडी घालता घालता म्हणाली, की शाळेतल्या एका शिक्षकांशी लग्न करायचं ठरवतेय. ते विधुर होते. तो पटकन बोलून गेला, "या वयात? लोक हसतील, ताई."

तिने घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि विचारलं, "लोक, की तू?"

खरं उत्तर असं होतं, की तू गेलीस तर माझं कोण आहे. पण ते तोंडातून निघालं नाही आणि महिनाभरात ती लग्न करून परगावी गेली. वर्षभर तो घुम्यासारखा बसून राहिला. मग त्याने तिच्या नव्या पत्त्यावर दोन पत्रं लिहिली. दोन्ही परत आली. वर पोस्टाचा शेरा होता, या पत्त्यावर राहत नाही.

बाईंचं पुस्तक शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी होतं. कविता, नाटक, कथा शिकताना ज्या संज्ञा लागतात त्या सगळ्या त्यात होत्या. उपमा, अतिशयोक्ती, स्वगत, निवेदक. आधी सोपा अर्थ, खाली एक उदाहरण. पण बाई उदाहरणांच्या बाबतीत भारी चोखंदळ. बारा ठिकाणी त्यांनी 'उदाहरण मागाहून देते' असं लिहून ठेवलं होतं.

छापखान्यात अशा वेळी एक रीत होती. मजकूर यायचा असेल तर त्या जागी तेवढ्याच लांबीची काहीतरी ओळ भरून ठेवायची, म्हणजे पुढची पानं सरकत नाहीत. तिला भरतीची ओळ म्हणत. तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि खरा मजकूर आला की ती काढायची. ऑपरेटर भरतीला काहीही टाकायची, 'आज डब्यात भेंडी आहे' असलंसुद्धा. या पुस्तकाच्या वेळी ती रजेवर होती, म्हणून ओळी काकांनी भरल्या.

'संबोधन' या संज्ञेपाशी तो थांबला. बाईंनी अर्थ दिला होता: समोर नसलेल्या माणसाशी, तो समोर असल्यासारखं बोलणं. त्याखाली त्याने लिहिलं:

ताई, दार नुसतं लोटलंय, कडी काही घातली नाही;
आलीस तर वाजवू नकोस, वाजतं तेव्हा तू नसतेस.

अकरा ओळींना त्याने लाल गोल केले. बाराव्या ओळीला केला नाही. बाईंकडून अकरा उदाहरणं आली. बारावं त्या विसरल्या आणि त्याने आठवण करून दिली नाही. पुस्तक छापलं गेलं, गावोगावच्या शाळांत गेलं. ताई भाषा शिकवते, हे पुस्तक आज ना उद्या तिच्या टेबलावर येईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

सात वर्षं गेली. दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा बाई यादी घेऊन आल्या आणि थेट त्याच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या.

"काका, ही संबोधनाची ओळ कुणाची? मी दिलेली नाही. चार शाळांतून विचारणा आलीय. एका शिक्षिकेने तर मुलांकडून पाठ करून घेतली म्हणे."

त्याने पटकन विचारलं, "कुठल्या शिक्षिकेने?"

बाईंनी कागद चाळला. "कुणीतरी तरुण मुलगी आहे. यंदाच लागलीय नोकरीला. का हो?"

"काही नाही."

"कवी सापडत नसेल तर काढून टाकू या. मी दुसरं उदाहरण आणलंय." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. ऑपरेटरने बोटं कीबोर्डवर ठेवली.

गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. ओळ गेली असती आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"माझी आहे," तो म्हणाला.

ऑपरेटर फिस्सकन हसली. "काका, तुम्ही आणि कविता?" मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिने बोटं कीबोर्डवरून काढली.

बाईंनी चष्मा काढला. "आणि ही ताई?"

"माझीच. कुठे असते ठाऊक नाही. शाळेत भाषा शिकवायची. म्हटलं, पुस्तक कधीतरी हातात पडेल."

"पडलंही असेल. पण ओळ तुमची आहे हे तिने कशावरून ओळखायचं? खाली नाव कुठाय?"

"ओळखेल असं वाटलं."

"अहो, धाकट्या भावांनी ताई म्हणावं अशा बायका जगात काय थोड्या आहेत?" बाईंचा आवाज शाळेतला झाला आणि लगेच खाली आला. "हे बघा, बिननावाची ओळ मी ठेवणार नाही. मुलांना मीच सांगते, उदाहरण ज्याचं, नाव त्याचं. तुमचं नाव घालत असाल तर राहील."

मालक प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रूफ स्वतः चाळत. मजकुरात स्वतःचं घुसडणाऱ्या एका प्रूफरीडरला त्यांनी पूर्वी एका दिवसात घरी पाठवलं होतं, आणि त्या माणसाची चूक काकांनीच दाखवून दिली होती. हे सगळं त्याला आठवलं. त्याने पेन घेतलं, ओळीच्या शेवटी आपली ती ठसठशीत खूण काढली आणि समासात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं.

प्रुफात ते नाव दिसलं तेव्हा मालक चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "तीस वर्षं मी तुमच्या भरवशावर प्रुफं नुसती वरवर चाळली," ते म्हणाले. "आता कुठलंही पुस्तक उघडलं की वाटणार, यात काकांनी काय घातलं असेल? सांगा, मी काय करू?"

मालकांचं बरोबर होतं. त्या शनिवारी त्याने टेबलाचा खण रिकामा केला. ऑपरेटरने त्याची पिशवी फाटकापर्यंत धरली आणि वाटेत चक्क एक शब्द बोलली नाही.

नवी आवृत्ती निघून दीड वर्ष झालं. संबोधनाच्या उदाहरणाखाली त्याचं नाव आहे. ताईचं पत्र आलेलं नाही. बाई महिन्या दोन महिन्यांनी फोन करतात, 'अमुक वाक्यात स्वल्पविराम हवा का हो' असं काहीतरी विचारतात, आणि तो पंधरा मिनिटं समजावून सांगतो. बाईंना तो नियम येत असतो.

औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली माहितीपत्रकं असतात, त्यांची प्रुफं तो आता तपासतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक गठ्ठा येतो. त्यातले आकडे तो दोनदा वाचतो, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने.