आईची जोडलेली उत्तरं

आमच्या वाडीचा ग्रुप म्हणजे मुंबईत विखुरलेली मालवणी माणसं आणि मोबाइल हातात आल्यामुळे सगळ्यांना फुटलेली वाचा. जत्रेला कोण येणार, गाडी कुणाची, देवळाच्या पत्र्याचं काय झालं, आणि मध्येच कुणीतरी सकाळी सकाळी पाठवलेलं गुलाबाचं फूल. या सगळ्यात भांडणाचा विषय मात्र एकच होता, तो म्हणजे उत्तर कसं द्यायचं.

मुलुंडचे काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, यांचं म्हणणं असं की, ज्या मेसेजचं उत्तर आहे तो मेसेज बोटाने ओढून त्याला जोडूनच लिहायचं. नुसतं 'हो' किंवा 'येतो' लिहिलं की काकांचं डोकं फिरे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कुरिअरच्या ऑफिसात नोकरी केली होती, त्यामुळे पत्ता नसलेलं काहीही त्यांना बघवत नसे. लगेच त्यांचा मेसेज येई, "ह्या 'हो' कोणाक? हवेक?"

त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण, लग्न होऊन कांजूरमार्गला असते. ती बापाला सगळ्यांसमोर सुनावायची. "बाबा, यार, सगळे एकच स्क्रीन बघतायत ना? कळतं रे सगळ्यांना." त्यावर काका तिच्या मेसेजला व्यवस्थित जोडून लिहायचे, "माका नाय कळणा." मग दोन दिवस रुसवा.

एकदा मात्र काकांनी खरं कारण सांगितलं. गावी तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर त्यांची आजी कुणाला ओ देऊ देत नसे. हाक कुणाची ते आधी ओळखायचं, मग बोलायचं. मोकळी ओ दिली तर ती कोण उचलील सांगता येत नाही, असं ती म्हणे. आम्ही सगळ्यांनी खूप हसरे बाहुले टाकले. माझ्या वडिलांनी तर लिहिलं, "दादा, मुलुंडात भुतांना रेंज मिळते का?" तेही अर्थात न जोडता.

गेल्या वर्षी वडील याच दादाला भेटायला निघाले. आम्ही चारकोपला राहतो, तिथून मुलुंड म्हणजे बसमध्ये एक झोप होते. निघताना त्यांनी ग्रुपवर टाकलं, "निघालो. पोचलो की कळवतो." शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली तेव्हा ते खिडकीला डोकं टेकून बसलेले होते. कंडक्टरने हाक मारली, खांदा हलवला, पण ते उठले नाहीत. काका खाली स्टॉपवरच उभे होते.

त्यानंतर आई कितीतरी दिवस ग्रुपवर काही बोलली नाही. मग एकदा जत्रेचा विषय निघाला तेव्हा तिने लिहिलं, "हो." काकांनी सवयीने टोकलं, "जोडून लिवा." मला त्यांचा इतका राग आला की फोन करून दोन शब्द ऐकवावेत असं वाटलं. आईला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तिने मला विचारलं, "कसा जोडतत ता दाखव." मी तिला मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे ओढायला शिकवलं. दोन-चार वेळा चुकली, मग जमलं.

दुसऱ्या दिवसापासून आईची उत्तरं जोडलेली येऊ लागली. सगळी एकाच मेसेजला जोडलेली होती. कुणी विचारलं, जत्रेला नारळ कोण आणणार? आईचं उत्तर आलं, "मी आणीन," आणि वर करड्या चौकटीत वडिलांचं नाव आणि त्याखाली "निघालो. पोचलो की कळवतो." कुणाच्या नातवाचा वाढदिवस होता, आईने आशीर्वाद दिला, वर तीच चौकट. कुणी लिहिलं, पाणी कधी येणार? आईने लिहिलं, "वाट बघतंय," वर तीच चौकट.

पहिले काही दिवस सगळ्यांना वाटलं, बिचारीला जमत नाही. मग ग्रुप हळूहळू गप्प होऊ लागला. गुलाबाची फुलं बंद झाली. आईचं काही आलं की त्यानंतर बराच वेळ कुणी काही लिहीत नसे. दोघंजण ग्रुप सोडून गेले. बहिणीने मला वेगळा फोन केला. "काकीला सांग ना गं. रोज सकाळी उठून चारकोपचे काका निघालेत असं वाचायचं, मला कसंतरी होतं." काकांनी धीर करून आईला लिहिलं, की ज्याचं उत्तर त्यालाच जोडायचं. आई म्हणाली, "तुमीच सांगितल्यात ना जोडूक? मी जोडतंय."

एका रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. आई बाहेर सोफ्यावर मोबाइल घेऊन बसली होती. कपाटातून टुंग असा आवाज आला. मी दार उघडलं. साड्यांच्या मागे वडिलांचा फोन होता, चार्जरची वायर कपाटाच्या फटीतून बोर्डापर्यंत नेलेली. वडिलांनी ग्रुपचा आवाज कधीच बंद करून ठेवला होता, पण कुणी थेट त्यांच्या मेसेजला जोडून लिहिलं की फोन वाजायचाच. मी बघत उभी राहिले आणि तो पुन्हा वाजला. बाहेर आईने आणखी काहीतरी लिहिलं होतं.

मला भीती वाटली. आईची वाटली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी विचारलं, हे काय चाललंय? ती शांतपणे म्हणाली, "मी येडी झालंय असा समजू नको. त्यांच्या तोंडात तुळशीपत्र मीच घातलंय. पण ते कळवतंय म्हणाले आणि कळवल्याशिवाय रवले, असा कधी झाला नाय." मग मोबाइल मांडीवर ठेवून म्हणाली, "मी खंय गेलंय आणि कळवल्यानी तर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई कित्येक महिन्यांत जिना उतरलेली नाही. भाजी मी आणत होते, दळण मी आणत होते. मला वाटे, गुडघे दुखत असतील. ती घरात बसली होती ती निरोपासाठी, आणि अशीच बसून राहिली तर मला तीही हळूहळू दिसेनाशी होणार होती.

बहीण माहेरी आली होती तेव्हा तिला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्यांच्या फोनवरून 'पोचलो' असं टाक ना. विषय संपेल." काका मध्येच तिच्या हातातून फोन घेऊन ओरडले, "तसला काय करू नको! गेलेल्या माणसाच्या नावान ओ देतत काय कोण?" तसंही ते शक्य नव्हतं. वडील फोन उघडायला बोटाने कसली नक्षी काढत, हे मला किंवा आईला, कुणालाच ठाऊक नव्हतं. आई तो फक्त चार्ज करत होती.

आणि मग एका दुपारी अंधेरीला, ऑफिसात जेवणाचा डबा उघडलेला असताना, ग्रुपवर वडिलांचा मेसेज आला. "पोचलो." आईच्या सकाळच्या उत्तराला नीट जोडलेला.

माझा घास हातातच राहिला. मी घरी फोन लावला, आई उचलेना. रिक्षा पकडली आणि चारकोपपर्यंत मनात नको नको ते येत राहिलं. नंतर मी बहिणीला विचारलंच, कारण वडिलांनी एकदा तिच्या कॉम्प्युटरवर आपला नंबर जोडून कसलेसे कागद छापून घेतले होते, आणि तो तसाच जोडलेला राहिला असेल तर तिथून त्यांच्या नावाने मेसेज जाऊ शकत होता. ती देवाशप्पथ नाही म्हणाली. बोलताना तिचा आवाज कापत होता. तो कशाने कापत होता ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

घरी पोचले तर आई कपाटासमोर उभी होती. कपाट उघडं, आणि आत फोन टुंग टुंग वाजत सुटलेला. ग्रुपवर सगळे त्या 'पोचलो'ला जोडून लिहीत होते. कोण आहे? कुणी पाठवलं? मस्करी करू नका. काका, तुम्हीच का? जन्मात कधी न जोडणारी माणसंसुद्धा आज जोडत होती आणि प्रत्येकाच्या हाकेला साड्यांच्या मागे उजेड पडत होता.

"सांग त्येंका," आई म्हणाली. तिचा चेहरा रडून सुजला होता, पण आवाज माझ्या लहानपणच्या आईचा होता. "आता कोणी जोडू नका म्हणान सांग. दमून पोचलेत ते. हाका मारू नका."

मी तसंच लिहिलं. कपाटातलं टुंग टुंग थांबलं. थोड्या वेळाने काकांचं एकट्याचं उत्तर आलं, "बरं." वर चौकट नव्हती.

आईने बोर्डाचं बटण बंद केलं, वायर गुंडाळून फोनच्या बाजूला ठेवली आणि कपाट लावलं. मी पाणी पिऊन बाहेर आले तेव्हा ती पायात चपला घालून दारात उभी होती, हातात पिशवी. "चल," म्हणाली, "बाजारात जाऊन येऊया."