चर्चच्या जत्रेतला नारळ

लंडनजवळ पिनरला आमच्या शेजारी एक अमेरिकन म्हातारा राहायचा. तरुणपणी आपण बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पिचर होतो, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, असं तो सांगे. किती मॅच? एक. किती चेंडू? तोही एकच. एवढ्यावर त्याची इंग्रज बायको "रबिश!" म्हणून चहा ओतायला लागायची. ती त्याला त्यानंतर कितीतरी वर्षांनी भेटलेली, आणि त्याच्याजवळ पुराव्याला साधा फोटोसुद्धा नव्हता. आमचे हे हाडांचे डॉक्टर, वर क्रिकेटवेडे; तेही गालातल्या गालात हसायचे. मला मात्र त्याचं फार वाईट वाटायचं. चारचौघांत बायकोनं थापाड्या ठरवलं की तो मान खाली घालून बिस्किट मोडत बसे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. राखीपौर्णिमा तोंडावर आली होती, नारळीभाताला नारळ हवा होता आणि चर्चच्या जत्रेत ते खांबांवर रांगेनं मांडलेले. चेंडूनं पाडा आणि घरी न्या! देवापुढे ठेवायचं फळ, आणि ही माणसं त्याला चेंडू मारतात? मी हबकलेच. पण भाताचा मोह सुटेना.

"अहो, एक पाडा ना."

ह्यांनी ऐटीत बाह्या सरसावल्या आणि एक सोडून सगळे चेंडू वाया घालवले. तो उरलेला चेंडू म्हाताऱ्यानं हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

"शोल्डर सांभाळा हं! डॉक्टर म्हणून सांगतोय," हे म्हणाले.

त्यानं एक पाय उचलला, अंग मागे वळवलं. चेंडू मला दिसलाच नाही, नुसता आवाज आला. खांब रिकामा, आणि खाली गवतावर नारळाची दोन भकलं. स्टॉलवाला आ वासून बघत राहिला.

त्याच्या बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आणखी एक टाक," ती कसंबसं म्हणाली. "मी नीट बघितलं नाही."

त्याचा उजवा हात लुळा लोंबत होता. ह्यांनी धावत जाऊन खांदा चाचपला. दुखण्यानं त्याचे डोळे भरून आले होते, तरी तो हसत होता.

"त्या दिवशीही असंच झालं," तो तिला म्हणाला. "दुसरा टाकताच आला नाही."