साहेबाच्या पावाचं बारसं

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. बायकोने हा किस्सा दुबईतल्या तिच्या सगळ्या भिशीत सांगून झालाय. तरी तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. निदान तपशील तरी बरोबर मिळतील.

हे 'तपशील बरोबर' हेच माझं दुखणं आहे बघा. मी मूळचा पुण्याचा, सदाशिव पेठेतला. त्यात पेशाने डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे बांधकाम कंपनीत हजारो ड्रॉइंगं असतात, त्या प्रत्येकाला एक नाव, एक नंबर, आणि त्यात काडीचा फरक चालू द्यायचा नाही. पुणेकराला असल्या कामाचा पगार देणं म्हणजे माशाला पोहायचा पगार देणं!

घरीही तेच. बायको वैदेही नागपूरची. तिने पहिल्या चतुर्थीला 'साबुदाण्याची उसळ' केली. मी म्हटलं, "उसळ मटकीची असते. ही खिचडी." झालं! इतकी वर्षं आमच्याकडे ती दोन नावांनी शिजतेय.

तर, दोन हजार नऊचा जानेवारी. मंदीने सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. दर गुरुवारी दुपारी एचआरमधून फोन यायचा, "प्लीज कम विथ युवर ॲक्सेस कार्ड." की तो माणूस खलास! आमच्या विभागात उरलो होतो दोघं, मी आणि बिजू. बिजू म्हणजे केरळचा गोड पोरगा, तोंडात सदा 'येस सर'. दोघांपैकी एक जाणार हे शिपायालाही माहीत होतं.

मला फक्त मार्चअखेरपर्यंत टिकायचं होतं हो! चिरंजीव दहावीला. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की अल बर्शाचं घर गेलं, आणि ऐन परीक्षेत पोराला घेऊन कुठे जायचं? वैदेहीने रोज देवापुढे एकच गाऱ्हाणं लावलं होतं, मार्च निघू दे.

कोणाला काढायचं त्याची यादी ठरवायला लंडनच्या ऑफिसातून ग्रॅहम नावाचा साहेब आला. उंच, अबोल, नॉटिंगहॅमचा. जाण्याआधीच्या गुरुवारी म्हणाला, "इथे चांगलं फिश अँड चिप्स कुठे मिळतं?"

माझ्या अंगात वारंच संचारलं. कंपनीने मला एकदा आठ महिने ट्रेनिंगला शेफिल्डला पाठवलं होतं. तिथे मी रोज तेच खाल्लेलं. (आईला अजून वाटतं मी तिथे वरणभातावर काढले.) म्हटलं, "सर, यल्ला! आय विल टेक यू." साहेब म्हणाला, बिजूलाही घेऊ.

अल बर्शातलंच दुकान. तळणीवर आपला गुहागरचा पालशेतकर, पंधरा वर्षं गोऱ्यांना मासे तळून घालणारा. एक मासा पस्तीस दिराम, म्हणजे साडेचारशे रुपये! पण साहेबासमोर मी हूं की चूं केलं नाही.

साहेब काउंटरवर जाऊन म्हणाला, "अ चिप कॉब, प्लीज."

कॉब? गोल पावात चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड काप, भरून देतात, त्याला हा कॉब म्हणतो? मी आठ महिने शेफिल्डला त्याला 'ब्रेडकेक' म्हणून खाल्लंय!

आता शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. मी काय केलं? म्हटलं, "सर, ॲक्च्युअली, इट इज कॉल्ड ब्रेडकेक."

साहेब हसला. "आमच्याकडे कॉब म्हणतात."

"येस सर. कॉब सर," बिजू म्हणाला. त्याने तो पाव जन्मात पाहिला नव्हता, पण एकमत झालं!

पालशेतकर मला डोळ्यांनी खुणावतोय. शेवटी मराठीत पुटपुटला, "ओ भाऊ, जाऊ द्या ना. एक बोलतो कॉब, दुसरा बार्म, तिसरा रोल. सगल्यांना मी एकाच पिशवीतला देतो. रास अल खोरच्या बेकरीतनं येतो तो."

"पण चूक ते चूक ना, पालशेतकर!"

"मग खावा तुमचा बरोबर," म्हणाला आणि झारा घेऊन तळणीकडे वळला.

साहेबाने फिशकेक मागितला. पालशेतकरने उकडलेल्या बटाट्यात मासा कालवलेला, ब्रेडचा चुरा लावलेला गोळा दिला. मला राहवेना. "सर, हा फिशकेक नव्हे. फिशकेक म्हणजे बटाट्याच्या दोन चकत्या, मध्ये मासा. याला आम्ही रिसोल म्हणतो."

"आम्ही म्हणजे कोण?" साहेबाने विचारलं.

"आम्ही शेफिल्डवाले," मी म्हणालो. सदाशिव पेठेतला मी!

मग साहेबाने मटाराच्या लगद्यावर पुदिन्याची चटणी मागितली. मी तीही नामंजूर केली. व्हिनेगर हवं म्हणालो. पिठाचा तळलेला चुरा, आपला वडापाववाला फुकट देतो तसाच, त्याला साहेब 'बॅटर बिट्स' म्हणाला. मी म्हणालो 'स्क्रॅप्स'. साहेबाचे कान तांबडे व्हायला लागले होते. पण पुणेकर एकदा मुद्द्यावर आला की समोरच्याचे कान बघत नाही.

म्हटलं, पुरावाच देतो! शेफिल्डच्या माझ्या घरमालकीणबाई, पॅम. सत्तरीच्या, फटकळ. लावला फोन, आणि टाकला स्पीकरवर.

"पॅम, चिप्स ज्या गोल पावात देतात, त्याला काय म्हणायचं?"

"ब्रेडकेक, लव्ह! दुसरं काय?"

मी विजयी मुद्रेने साहेबाकडे पाहिलं. "इथे एक सर कॉब म्हणतात. नॉटिंगहॅमचे आहेत."

"नॉटिंगहॅमचे?" पॅम कडाडली. "चौऱ्याऐंशीच्या कोळसाखाणीच्या संपात आम्ही वर्षभर उपाशी राहिलो, आणि ते खुशाल कामावर जात होते! फितूर लेकाचे! त्यांना पाव कशाशी खातात ते काय कळणार?"

पालशेतकरने घाईघाईने पुढचा मासा तळणीत सोडला.

साहेबाने पाव खाली ठेवला. सावकाश म्हणाला, "संपात कामावर जाणाऱ्यांत माझे वडील होते."

"येस सर," बिजू म्हणाला. पहिल्यांदाच त्याला कशाला 'येस' म्हणावं ते कळलं नसावं.

मी फोन बंद करायच्या घाईत तो मटारात पाडला. अरे देवा!

रविवारी, म्हणजे दुबईतल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ऑफिस उघडताच फोन आला. ॲक्सेस कार्डसकट.

आत ग्रॅहम साहेब, शेजारी एचआरची बाई. पाकीट पुढे केलं. मी बसलो, पत्र वाचायला लागलो. डोळ्यांना सवय! नाव बरोबर. पद बरोबर. पासपोर्ट नंबर बरोबर. दुसरा परिच्छेद: नोटिशीची मुदत नव्वद दिवस.

नव्वद? माझ्या करारात तीस आहे!

खिशातलं लाल पेन कधी हातात आलं, मलाही कळलं नाही. नव्वदभोवती गोल काढला आणि म्हणालो, "सर, स्मॉल मिस्टेक. ॲज पर कॉन्ट्रॅक्ट, थर्टी डेज."

एचआरच्या बाईने मान वर केली, फाइल उघडली, पान उलटलं. "ही इज राइट," म्हणाली. "थर्टी." आणि पत्र काढून घेतलं.

साहेबाने डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाला, "मुलाची परीक्षा मार्चमध्ये आहे, असं बिजू सांगत होता. म्हणून नव्वद लिहिलं होतं मी. तू बोलला नसतास, तर कोणी पाहिलं नसतं."

आता एचआरने लेखी पाहिलं होतं. दहा मिनिटांत नवं पत्र आलं. तीस दिवस. ते मात्र बिनचूक होतं.

घरी आलो. सगळं सांगितलं. चिरंजीव म्हणाले, "सो नो बोर्ड्स? कूल!" आणि आईच्या नजरेने जागच्या जागी भस्म झाले.

वैदेही सोफ्यावर बसली. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काय बाप्पा तुम्ही! अहो, जन्मात एकदा, फक्त एकदा, एखादी चूक तशीच राहू दिली असती तर काय बिघडलं असतं?"

आणि मी, देवाशप्पथ सांगतो, मी तिला काय म्हणालो माहितीये?

"चूक नव्हती ती, वैदेही. सवलत होती."