झोपमोड

माझे दाजी पावाच्या भट्टीवर कामाला होते. रात्रभर पीठ मळायचं, भट्टीसमोर उभं राहायचं आणि लोक कामाला निघाले की घरी येऊन झोपायचं. त्यामुळे त्यांच्या घरी दिवसा सगळं हळू चाले. ताई भांडी फडक्यावर पालथी घाली. आम्ही पाहुणेसुद्धा दार वाजवत नसू, खिडकीशी उभे राहून ती बघेपर्यंत थांबत असू. "माझा नवरा मी दिव्याच्या उजेडातच जास्त बघितलाय," ती हसत म्हणायची.

तिचं हृदय दमत चाललं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने एकच हट्ट धरला. दाजींबरोबर, दिवसाउजेडी, धबधबा बघायचा. सगळे ओळखीपाळखीचे बघून आले होते, ही दोघंच राहिली होती. दाजींना रजा मिळाली नाही. ते कामावरून तसेच बसमध्ये चढले. ताईला सोबत म्हणून मी गेलो.

तिथे माणसांची नुसती रेटारेटी. धबधबा खाली दरीत, वरून फक्त आवाज येतो. बघायचा तर तारेवरच्या पाळण्यात बसून उतरायचं. ती दोघं बाकावर बसली, मी रांगेत लागलो. तिकिटं घेऊन आलो तर दाजींनी मान टाकलेली आणि ताईचं बोट ओठांवर. फोटो काढणाऱ्या मंडळींनाही तिने हळू बोलायला लावलं होतं.

"उठव ना त्यांना," मी कुजबुजलो.

"थांब जरा. आत्ताच डोळा लागलाय."

"पाळणा बंद होईल, ताई."

"आयुष्यभर नाही उठवलं. आता काय उठवू?"

"मग तू तरी चल."

"एकटीला बघायचा असता तर मागेच नसता का बघितला, वेड्या?"

त्या घराची सवय मलाही होती. माझाही हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला नाही. पाळणा बंद झाल्याचा भोंगा वाजला तेव्हा दाजी दचकून जागे झाले.

"मला उठवायचं नाही का?"

"मस्त घोरत होतात. आम्ही दोघं आलो बघून."

"कसा होता?"

"मोठा आहे हो," ताई म्हणाली आणि बसच्या दिशेने चालू लागली.

पुढे थोड्याच दिवसांत ती गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाजी सांगत, "माझ्या नोकरीपायी तिला कुठे जाता आलं नाही. पण धबधबा तेवढा बघून झाला."

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. दाजी जागेच होते.

"खाली पाण्याचे तुषार उडतात म्हणे," ते म्हणाले. "भिजली असेल ना ती?"

"भिजली तर. चिंब झाली होती."

दाजींनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं.

"बसमध्ये केस तर कोरडे होते रे तिचे," ते म्हणाले.

त्यानंतर धबधब्याचं नाव त्यांनी कोणापुढे काढलं नाही.