बिनफोडणीचं ताट

आमच्या भावकीत फोडणीचा नियम कडक होता. घरात कुणी गेलं की तेरा दिवस चुलीवर तेल चढायचं नाही. डाळ उकडलेली, भाजी उकडलेली, कोशिंबिरीला नुसतं मीठ. चौदाव्या दिवशी भावकीतल्या बायका यायच्या, आमटीला चरचरीत फोडणी द्यायच्या आणि तिथून पुढे घर पुन्हा चारचौघांसारखं व्हायचं. माझं माहेर जुन्नरचं, सातवीपर्यंत शिकलेली मी, असल्या गोष्टींना मनातल्या मनात नाक मुरडायची. सासूपुढे बोलायची मात्र छाती नव्हती.

पिंपरीला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचे हे मोशीहून सायकलवर कंपनीत जायचे. एका पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी. कावीळ उतरली, पण यकृत काही सुधारलं नाही. चिंचवडच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "तेल नाही, तूप नाही, शेंगदाणा, खोबरं, तीळ, काहीही नाही. नवरा जगवायचा असेल तर एवढं पाळा." मी मान हलवली. घरी येताना रस्ताभर रडत आले, कारण ह्या माणसाच्या घशाखाली तेलाशिवाय घास उतरत नाही हे मला ठाऊक होतं.

झालंही तसंच. उकडलेली डाळ बघूनच हे ताट सरकवायचे. भाकरीचा कोपरा कुरतडायचे आणि आडवे व्हायचे. आवडीची म्हणून एकच गोष्ट उरली होती, कोशिंबीर. पण आमच्याकडे कोशिंबीर म्हणजे मूठभर दाण्याचा कूट आणि वरून फोडणी. ती दोन्ही काढून टाकली की राहतो काय? ओला पाला.

मग मी त्या पाल्याच्या मागे लागले. लोणी काढलेलं ताक घातलं, तर काकडीला पाणी सुटून सगळं वाटीत पोहायला लागलं. काकडी बारीक चोचवून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यायची, हे तेव्हा कळलं. ताक फडक्यात बांधून टांगून ठेवलं, तर त्याचा दाटसर चक्का मिळाला, पण तो इतका आंबट की ह्यांनी तोंड वाकडं केलं. लिंबू मुळ्याला चाललं, गाजराला चाललं नाही. गाजराला चिंचेचा कोळ आणि गूळ बरा. कुटाची जागा कशानं भरायची ह्यात बरेच दिवस गेले. शेवटी फुटाणे सोलून, जात्यावर ओढून त्याचं पीठ लावलं, तेव्हा कुठे वाटीतल्या पाण्याला अंग आलं. आणि मोहरी. तेलात नाही, पाट्यावर. थेंब थेंब पाणी घालत फेसायची, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. ती ताकाच्या चक्क्यात कालवून मुळ्यावर घातली त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा भाकरी संपवली. मी चुलीकडे तोंड करून डोळे पुसले.

सासूने ते ताट पाहिलं आणि भिंतीला टेकून बसली.

"ह्ये सुतकाचं जेवान हाय," ती म्हणाली. "जित्या माणसाला आसलं वाढत न्हाईत, पोरी."

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना?"

"डाक्टरला काय म्हाईत? त्यानं आपल्या पोटच्या कुनाला मसणात पोचवलंय का?"

तिने पोचवलं होतं. ह्यांच्या पाठचा भाऊ, आणि त्याच वर्षात सासरेही. असलं ताट तिने दोनदा वाढलं होतं. तेव्हा मला तिची दया यायला हवी होती असं लोक म्हणतील. मला चीड आली. माणूस इथे सुकत चाललाय आणि हिचं आपलं शकुन-अपशकुन!

त्यानंतर काही दिवस ह्यांचं जेवण सुधारलं. वाटी चाटूनपुसून साफ. "आज चव आली बघ," असंही एकदा म्हणाले. मी मनात म्हटलं, जमली एकदाची. आणि मग उलट्या सुरू झाल्या. कूस धरून हे रात्रंदिवस कण्हायचे, डोळ्यांत पुन्हा पिवळी झाक. मला काही उमगेना. ह्यांची थाळी हल्ली सासूच विसळून ठेवायची; एका दुपारी ती मी घासायला घेतली. आजारपण सुरू झाल्यापासून ती नुसत्या पाण्याने निघायची. त्या दिवशी बोटं घसरली. राख लावावी लागली.

मी तशीच खरकट्या हातांनी आत गेले. सासू तांदूळ निवडत होती. मी काही विचारायच्या आधीच तिला कळलं.

"फोडणी पळीभरच घालत व्हते," ती म्हणाली. "तू पानी आनायला गेलीस की. तुझ्या मोहरीत माजी मोहरी दिसत न्हाय."

मी काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. तुम्हीच त्याला पोचवणार, हेही बोलले. तिने मुलाला मारायला तेल घातलं नव्हतं, त्याच्या ताटावरचं मरण पुसायला घातलं होतं, हे मलाही समजत होतं. समजून राग जातो थोडाच.

संध्याकाळी तिने स्वतःची थाळी घेतली आणि ह्यांच्या खाटेशेजारी मांडली. "मलाबी तेच वाढ," म्हणाली. "सुतक धरायचंच हाय तर मी धरते. जे काय यायचं त्ये माज्यावर यिऊ दे."

"आये, खुळी का काय तू?" हे म्हणाले.

"गप जेव."

तेव्हापासून दोघांना एकच जेवण. मग मी तरी माझ्या एकटीसाठी कढई कशाला चढवू? घरातून तेलाचा वासच गेला. शेजारणी दारात थबकून आत डोकवायच्या, सगळं बरं आहे ना विचारायच्या. हे मात्र हळूहळू सावरले. उलट्या थांबल्या, अंगणात येऊन बसू लागले. आणि म्हातारी वाळत गेली. दात नसलेल्या तोंडाने मुळा चघळत बसायची. थोडं तेल घ्या म्हणून मी हात जोडले, तिने ऐकलं नाही. थंडीत तिला ताप आला आणि त्यातच गेली. तिने मुलाचं स्वतःवर घेतलं, असं सगळी मोशी म्हणाली. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण ह्यांनी मानलं.

अंत्यसंस्कारानंतर भावकीतली एक बाई मला सुतकाचे नियम सांगू लागली. फोडणी नाही, तळण नाही, गोडधोड नाही. मी ऐकून घेतलं. आमच्या घरात त्यातलं सोडायला काहीच शिल्लक नव्हतं. जे रोज जेवत होतो तेच मी ह्यांना वाढलं.

ताटाकडे बघून हे म्हणाले, "आयेसाठी आपण सोडायचं तरी काय?"

त्यांनी कोशिंबिरीची वाटी उचलून ताटाबाहेर ठेवली.

"अहो, तेवढ्यावरच तर तुमची भाकरी उतरते," मी म्हटलं. "डॉक्टरांनी—"

"तेरा दिस," ते म्हणाले. "तिनं माज्यासाठी क्येलं. मला यवडं करू दे."

ते पाण्यात भाकरी कुस्करून, डोळे मिटून गिळू लागले. चार घास झाले आणि हात धुतले. जाऊनसुद्धा म्हातारीने ह्यांच्या ताटातलं उरलंसुरलं काढून घेतलं म्हणून मला तिचा संताप आला, आणि तिच्यासाठी मी पहिल्यांदा रडले तेही तेव्हाच. वाटीतली कोशिंबीर बाहेर टाकवेना. मी तिथेच बसून ती खाल्ली.